डोक्यावरून जाणाऱ्या सिनेमाखाली कसं उभं राहावं

हे मार्गदर्शन अशा होतकरू रसिकांसाठी आहे, ज्यांना ऑफिसात डबा खाताना 'काल काय पाहिलंस?' या प्रश्नाला असं उत्तर द्यायचं असतं की पुढचा प्रश्न येऊच नये. चालू पिक्चरचं नाव घेतलं की लोक वाद घालतात, गाणी गुणगुणतात, कोणीतरी शेवट सांगून मोकळं होतं. त्याऐवजी सहज म्हणा, 'काल एका स्वीडिश सिनेमाचे पहिले दोन तास पाहिले. अजून ८५५ राहिलेत.' मग टेबलावर जी शांतता पसरते, तिच्यात पोळीभाजी निवांत संपवता येते.

हा सिनेमा मी रचलेला नाही. नाव 'लॉजिस्टिक्स', साल २०१२, लांबी ८५७ तास. एरिका मॅग्नुसन आणि डॅनियल अँडरसन या दोघांनी तो केला. स्टॉकहोममधल्या दुकानात पावलं मोजायचं एक यंत्र विकायला होतं. ते आलं कुठून, हे दाखवायला त्यांचा कॅमेरा दुकानापासून उलटा निघाला आणि ट्रक, रेल्वे, मालवाहू जहाज असं करत चीनमधल्या कारखान्यापाशी पोचला. प्रवासाला जेवढा वेळ, तेवढाच सिनेमा. पस्तीस दिवस आणि वर काही तास. त्यातला बराच काळ पडद्यावर समुद्र आहे.

एवढ्यानं तुम्ही खचला नसाल, तर पाठांना सुरुवात करू.

पाठ पहिला : साहित्य

एक खुर्ची. पाठीला आधार देणारी, पण झोप लागेल इतकी मऊ नको. चहाचा थर्मास. हेडफोन, कारण तुमच्या सिनेमात चाळीस मिनिटं फक्त वारा वाहणार आहे आणि घरातल्यांना त्यांची मालिका ऐकायची आहे. झोळी आता चालत नाही. तिच्या जागी एखाद्या महोत्सवाचं नाव छापलेली कापडी पिशवी लागते. पिशवी जितकी विटलेली, तितकी रसिकाची ज्येष्ठता मोठी. नवी कोरी पिशवी दोनदा धुऊन मगच बाहेर काढावी.

घरच्यांना बरोबर बसवू नये. पहिल्या दहा मिनिटांत 'हे सुरू कधी होणार?' असं कोणीतरी विचारणारच, आणि या प्रश्नाचं खरं उत्तर बऱ्याचदा तुमच्याकडेही नसतं.

जुन्या काळी एवढं साहित्य लागत नसे, फिल्म सोसायटीचं सभासदत्व पुरे होतं. आपल्याकडे फेडरेशन ऑफ फिल्म सोसायटीज १९५९ साली स्थापन झाली, सत्यजित राय पहिले अध्यक्ष. मुंबईत 'प्रभात चित्र मंडळ' १९६८ पासून. या सोसायट्यांच्या खेळांना सेन्सॉरच्या कात्रीतून सूट असे, आणि त्यामुळे पूर्व युरोपातल्या सिनेकलेबद्दल अचानक आस्था वाटू लागलेले सद्गृहस्थ गावोगावी सापडत. ज्या दृश्यासाठी ते येत, ते दोन तासांत एकदाच आणि तेही अंधुक दिसे. पण उरलेला पावणेदोन तासांचा सिनेमा बघावाच लागे, आणि त्यातले काहीजण पुढे खरोखरच दर्दी झाले. ज्ञानाचे मार्ग अनेक असतात.

पाठ दुसरा : घराणं

प्रत्येक रसिकाला घराणं लागतं. आपलं वाटाण्यापासून सुरू होतं.

१९१२ साली त्र्यंबकेश्वरचे धुंडिराज गोविंद फाळके लंडनहून सिनेमाची विद्या शिकून मुंबईला परतले. तिथे मागवलेला कॅमेरा मागाहून आला, पैसे मात्र नव्हते. हलत्या चित्रांच्या धंद्यात रक्कम घालायला कोणी तयार होईना. फाळक्यांनी कुंडीत वाटाणा पेरला, समोर कॅमेरा लावला आणि महिनाभर थोडं थोडं चित्रण करत राहिले. मग ते सलग दाखवलं. दाणा फुटतो, कोंब वर येतो, वेल वळवळत चढते, सगळं मिनिटभराच्या आत. 'अंकुराची वाढ' पाहून भांडवल देणारा माणूस बधला, आणि १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' पडद्यावर आला. परेश मोकाशींच्या 'हरिश्चंद्राची फॅक्टरी'त या उद्योगाची मजा तुम्ही पाहिली असेल.

म्हणजे भारतीय सिनेमाच्या मुळाशी पुराणकथा आहे हे खरं, पण तिच्याही खाली एक माहितीपट आहे, त्यात माणूस नाही, गाणं नाही, खलनायक नाही, आणि नायक वाटाणा आहे. २००९ साली नॉर्वेच्या सरकारी टीव्हीनं बर्गन ते ऑस्लो हा सात तासांहून मोठा रेल्वेप्रवास मिनिट न गाळता दाखवला, लाखो लोकांनी तो पाहिला आणि जगानं काहीतरी नवीन घडल्यासारखं कौतुक केलं. आपण त्यांना फाळक्यांचा वाटाणा दाखवावा. त्यांनी सात तासांना सात तास लावले, फाळक्यांनी महिन्याचं मिनिट केलं. हिशेब कोणाचा चांगला ते तुम्हीच ठरवा.

या घराण्याची खूण एकच : हट्ट. सिनेमा चांगला की वाईट हे नंतर पाहू. आधी बघायचं ते असं, की शहाण्या माणसानं जिथे काम सोडून दिलं असतं, तिथून पुढे हा किती चाललाय. यापुढच्या सगळ्या पाठांत हेच मोजायचं आहे, आणि मला विचाराल तर आडवाटेच्या सिनेमाला दुसरं माप नाहीच.

पाठ तिसरा : कल्ट ओळखणे

हा शब्द ऐकून घाबरायचं कारण नाही. 'लिंबू कलरची साडी' एवढं ऐकून तुमच्या तोंडून पुढचं वाक्य आपोआप येत असेल, तर तुम्ही आधीच एका पंथात आहात आणि त्याची दीक्षा तुम्हाला लहानपणी टीव्हीसमोर मिळाली आहे. तसाच दुसरा पंथ 'झपाटलेला'चा. त्यातला तात्या विंचू म्हणजे रामदास पाध्यांचा बाहुला. अमेरिकन भयपटावरून उचललेली कल्पना, पण तिला महाराष्ट्रात असं नागरिकत्व मिळालं की मूळ बाहुला परका वाटतो.

कल्ट सिनेमा दिग्दर्शक काढत नाही, प्रेक्षक काढतात, आणि तेही प्रदर्शनाला बराच काळ उलटल्यावर. १९७५चा 'द रॉकी हॉरर पिक्चर शो' आधी पडला. पुढच्या वर्षी न्यूयॉर्कच्या वेव्हर्ली थिएटरनं तो मध्यरात्री लावायला सुरुवात केली, आणि लोक पात्रांसारखे कपडे घालून येऊ लागले. पडद्यावर लग्न लागलं की हे खाली तांदूळ उधळतात. आपल्याला अक्षतांचं अप्रूप नाही, पण थिएटरात अक्षता उधळायची सोय आपल्याकडे अजून झालेली नाही हे मान्य करायला हवं. म्युनिकच्या एका थिएटरात तो १९७७ पासून लागलेला आहे.

त्याहून पुढची पायरी 'द रूम'. साल २००३. लेखक, दिग्दर्शक, निर्माता आणि नायक टॉमी वायझो. खर्च सुमारे साठ लाख डॉलर, पहिल्या दोन आठवड्यांची कमाई दोन हजार डॉलरही नाही. वायझोनं लॉस एंजलिसमधलं जाहिरातीचं होर्डिंग मात्र काही वर्षं उतरवलं नाही. नायकाच्या दिवाणखान्यात टेबलावर एक फ्रेम आहे, तिच्यात चमच्याचा फोटो आहे. का आहे, ते कोणी सांगत नाही. म्हणून तो चमचा दिसला की प्रेक्षक प्लास्टिकचे चमचे पडद्यावर फेकतात. वीस वर्षं उलटून गेली, चमचे अजून पडतायत.

हिंदीतला अभ्यासक्रम हवा असेल, तर कांती शहांचा १९९८चा 'गुंडा'. खलनायक यमकात बोलतात, आणि ते यमक मी इथे देणार नाही, हे मासिक घरात लहान मुलांच्या हाती लागतं. तो थिएटरात चालला त्याहून कितीतरी पटीनं इंजिनिअरिंग कॉलेजांच्या होस्टेलांत चालला. सबमिशनच्या आदल्या रात्री एका कॉम्प्युटरभोवती पंधरा पोरं, हेच त्याचं खरं थिएटर.

पाठ चौथा : वाईटाचा आदर

'प्लॅन नाइन फ्रॉम आउटर स्पेस' पाहिल्याशिवाय पुढच्या वर्गात प्रवेश नाही. दिग्दर्शक एड वूड. त्याच्याकडे बेला लुगोसीचं थोडंसं चित्रण होतं. लुगोसी म्हणजे हॉलिवूडचा पहिला गाजलेला ड्रॅक्युला, उतारवयात हलाखीत पडलेला. १९५६ साली लुगोसी वारला. दुसरा कोणी असता तर पटकथा बदलली असती. वूडनं बायकोच्या हाडवैद्याला बोलावलं, काळा झगा दिला आणि झगा नाकावर धरून चालायला सांगितलं. हाडवैद्य लुगोसीपेक्षा उंच होता आणि कुठूनही त्याच्यासारखा दिसत नव्हता. सिनेमात मेलेला नट आणि जिवंत हाडवैद्य आळीपाळीनं एकच पात्र करतात.

हसा. हसायलाच हवं. पण या वूडवर टिम बर्टननं १९९४ साली 'एड वूड' काढला, आणि त्यात लुगोसी साकारणाऱ्या मार्टिन लँडाऊला ऑस्कर मिळालं. तो पाहून पुन्हा 'प्लॅन नाइन'कडे गेलात, तर झगा धरून चाललेल्या त्या हाडवैद्याकडे तुम्ही जरा वेगळ्या नजरेनं बघाल. गेलेल्या मित्राचं काम अर्धवट राहू नये म्हणून कोणीतरी केलेली ती खटपट आहे. खटपट फसली आहे, पूर्ण फसली आहे, आणि तरी ती सुबक पण निर्जीव अशा शंभर सिनेमांपेक्षा जास्त काळ टिकली.

पाठ पाचवा : न कळणे

इथे कमल स्वरूपांचा 'ओम दर-ब-दर' अनिवार्य. १९८८ साली सरकारी फिल्म विकास महामंडळाच्या पैशातून तयार झाला, बर्लिनला गेला, आणि भारतातल्या थिएटरात लागला १७ जानेवारी २०१४ ला. मधल्या सव्वीस वर्षांत तो व्हिडिओ कॅसेटच्या कॉपीवरून कॉपी काढत, चित्र धूसर होत होत, हातोहात फिरत राहिला.

गोष्ट सांगू? अजमेर-पुष्करकडे ओम नावाचा मुलगा आहे, त्याला श्वास बराच वेळ रोखून धरता येतो. वडील ज्योतिषाकडे वळलेले. मोठी बहीण आहे. बेडूक आहेत. हिरे आहेत. बेडकांचा आणि हिऱ्यांचा संबंध आहे. एवढं सांगून झालं की गोष्ट सांगून झाली, आणि तुम्हाला काहीच कळलेलं नाही. पाहिल्यावरही तुमची स्थिती साधारण हीच राहील, फक्त आनंद वाढलेला असेल. रेडिओवरच्या जाहिराती, शाळेतलं जीवशास्त्र, पंचांग, धर्म आणि दुपारची झोप हे सगळं एका लहान गावातल्या मुलाच्या डोक्यात जसं एकमेकांत मिसळतं, तसंच्या तसं पडद्यावर सांडलेलं आहे. अर्थ लावायला बसलात की सिनेमा निसटतो. गाण्यासारखा ऐकलात की बसतो.

याच कमल स्वरूपांनी पुढे अनेक वर्षं फाळक्यांचा माग काढला आणि फाळक्यांच्या काशीतल्या दिवसांवर 'रंगभूमी' नावाचा माहितीपट केला, त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. घराण्याची गोष्ट मी उगाच काढली नव्हती.

पाठ सहावा : मालेगावला जाणे

हा पाठ लांबलाय, पण सगळ्या पाठांत एकच वाचायचा असेल तर हा वाचा.

मालेगाव, जिल्हा नाशिक. यंत्रमागांचं गाव. आठवडाभर खटखट, शुक्रवारी माग बंद, आणि शुक्रवारी माणसं सिनेमाला. इथे नासिर शेख नावाचा माणूस व्हिडिओ पार्लर चालवायचा. लोकांना हिंदी मारधाड दाखवता दाखवता त्यानं चॅप्लिन आणि बस्टर कीटनही दाखवले. लग्नाचं शूटिंग करता यायचं, तेवढ्या भांडवलावर त्यानं २००० साली 'मालेगाव के शोले' काढला. कलाकार गावातलेच, पडद्यावर यायला मिळतंय म्हणून खूश. दरोडेखोरांसाठी घोडे परवडेनात, सायकली आल्या. रेल्वे नव्हती, एसटीसारखी बस लुटली. सिनेमा गावात तुफान चालला.

मग नासिरनं 'मालेगाव का सुपरमॅन' करायचं ठरवलं, आणि तो करत असताना फैजा अहमद खान या दिग्दर्शिकेनं त्याच्यावर तासाभराचा माहितीपट केला : 'सुपरमेन ऑफ मालेगाव', २००८ चा, थिएटरात लागला २०१२ साली.

सुपरमॅन होता शफीक, मागावर काम करणारा कामगार. अंगावर मांस असं नाहीच, वाऱ्यानं उडेल असा, आणि भूमिकेसाठी तो गुण कामी येईल असं तुम्हाला वाटेल. पण उडवणं सोपं नव्हतं. हिरव्या पडद्यासमोर चित्रण करून मागे आकाश जोडायचं तंत्र नासिरला माहीत झालं होतं. त्यानं ट्रकला हिरवं कापड लावलं आणि शफीकला त्यापुढे आडवा धरला. कॅमेरा फिरवायला सायकल. क्रेन हवी होती, बैलगाडी आली. गाडी उचलली की तिच्याबरोबर कॅमेरा वर जातो, हे तंत्र कुठल्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये शिकवत नाहीत. एकदा कॅमेराच पाण्यात पडला. त्यानंतरचे सगळ्यांचे चेहरे पाहा. कॅमेरा एकच होता. या सिनेमातल्या सुपरमॅनला गावच्या धुळीनं दमा आहे, आणि त्याच्या चड्डीचा नाडा लोंबतो.

यात हसू येतं आणि ते हसू कोणाला हिणवत नाही, हे या माहितीपटाचं यश. कारण नासिर स्वतः हे सगळं गंमत म्हणूनच करतोय आणि त्याच वेळी जिवावर उदार होऊन करतोय. लेखक फरोग आहे, त्याचा जीव मुंबईत अडकलेला. मुंबई तशी फार लांब नाही, आणि पोचता येत नाही. शफीकचं पुढे कर्करोगानं निधन झालं. माहितीपट मोठ्या पडद्यावर लागला तेव्हा तो नव्हता. रीमा कागती यांचा 'सुपरबॉइज ऑफ मालेगाव' २०२५ साली थिएटरात आला. तो चांगलाच आहे, नट उत्तम आहेत. पण आधी खरा शफीक ट्रकपुढे आडवा झालेला पाहा. हा क्रम मोडू नये.

पाठ सातवा : माहितीपटांविषयी गैरसमज

आपल्या पिढीचा माहितीपटांवरचा राग रास्त आहे. फिल्म्स डिव्हिजन १९४८ साली निघालं, आणि प्रत्येक थिएटरला मुख्य पिक्चरआधी त्यांची चित्रफीत दाखवणं सक्तीचं होतं. लोक त्या वेळेचा उपयोग पार्किंग, तिकिटं आणि सिगारेट यांसाठी करत. पडद्यावर धरणाचे दरवाजे उघडत आणि प्रेक्षागृहाचे बंदच होत नसत.

मौज अशी, की याच सरकारी खात्यात काही वेडे पगारावर होते. प्रमोद पती प्रागला जाऊन यिर्झी त्र्न्काकडे अ‍ॅनिमेशन शिकून आले होते. १९६८ साली त्यांनी 'एक्स्प्लोरर' केला. नाचणारी तरुण पोरं, पोथ्या, यंत्रं, देवादिकांची चित्रं, सगळं इतक्या वेगानं आदळतं की डोळे मिटावेसे वाटतात. हे भारत सरकारनं भारतीय जनतेला कुटुंबनियोजनाच्या प्रचाराच्याच दशकात दाखवलं. कुटुंबनियोजनावरही पतींनी एक फिल्म केली, तीही अशीच अचाट. १९७२चा 'आबिद' त्याहून गोड : चित्रकार आबिद सुरती एका कोऱ्या खोलीत आहे, एक एक फ्रेम थांबवून घेतलेला, त्यामुळे तो चालत नाही, घसरतो आणि उडतो, आणि बघता बघता खोलीच चित्र होऊन जाते. एस. एन. एस. शास्त्रींचा 'आय अ‍ॅम ट्वेंटी' १९६७चा. स्वातंत्र्याबरोबर जन्मलेल्या, वीस वर्षांच्या मुलामुलींना विचारलंय, देशाबद्दल काय वाटतं. सरकारी पैशातून काढलेल्या फिल्ममध्ये काहीजण सरळ सांगतात, फारसं काही वाटत नाही. बाहेर सिगारेट ओढत असल्यामुळे आपल्या वडिलांनी हे पाहिलं नाही.

परदेशी नमुन्यांत आधी बूट. एरल मॉरिस नावाच्या तरुणाला पाळीव प्राण्यांच्या दफनभूमीवर फिल्म करायची होती. कॅलिफोर्नियातली एक दफनभूमी बंद पडली आणि ४५० मेलेली कुत्री-मांजरं उकरून दुसरीकडे हलवावी लागली, एवढाच विषय. जर्मन दिग्दर्शक वर्नर हर्झोग त्याला म्हणाला, तू ही फिल्म पुरी केलीस तर मी माझा बूट खाईन. १९७८ साली 'गेट्स ऑफ हेवन' पुरी झाली. हर्झोग बर्कलीला आला. तिथे नावाजलेलं रेस्टॉरंट चालवणाऱ्या अ‍ॅलिस वॉटर्स यांच्या मदतीनं बूट लसूण आणि पाला घालून पाच तास शिजवले, आणि मग थिएटरातल्या लोकांसमोर कात्रीनं तुकडे करून खाल्ले. तळवा तेवढा बाजूला ठेवला, कोंबडी खाताना हाडं खात नाहीत या न्यायानं. लेस ब्लँकनं याचीही फिल्म केली, वीसेक मिनिटांची. चामडं काही मऊ झालेलं नव्हतं, हे हर्झोगच्या जबड्याकडे पाहून कळतं.

हा वात्रटपणा वाटेल. पण त्याच मॉरिसनं १९८८ साली 'द थिन ब्लू लाइन' केली. डॅलसमधल्या एका पोलिसाच्या खुनाबद्दल रँडल अ‍ॅडम्स नावाचा माणूस तुरुंगात होता, आधी त्याला मृत्युदंड ठोठावलेला. फिल्मनं साक्षीदारांच्या साक्षी एकामागून एक उघड्या पाडल्या आणि पुढच्याच वर्षी अ‍ॅडम्स बारा वर्षांनी सुटला. कुत्र्यामांजरांच्या थडग्यांपाशी थांबून ऐकत बसण्याची सवय मॉरिसला तिथे कामी आली असणार.

ऑस्ट्रेलियातल्या 'केन टोड्स'चंही नाव वहीत लिहून घ्या. १९३५ साली उसावरचे भुंगेरे खायला बेडूक आणले. बेडकांनी भुंगेरे सोडून बाकी सगळं खाल्लं. साखर कारखान्यांच्या जिल्ह्यांत हा माहितीपट शाळांतून दाखवावा. आणि चार्ली शॅकल्टनची 'पेंट ड्राइंग' : ब्रिटनमध्ये सेन्सॉर प्रमाणपत्राची फी मिनिटावर असते, म्हणून त्यानं वर्गणी जमवली आणि भिंतीवरचा पांढरा रंग वाळताना दाखवणारी १० तास ७ मिनिटांची फिल्म पाठवली. सेन्सॉरला ती बघावीच लागली. 'सर्वांसाठी योग्य' असं प्रमाणपत्र मिळालं. तुम्ही नाही पाहिलीत तरी चालेल. ज्यांनी पाहायला हवी होती त्यांनी पाहिली.

पाठ आठवा : संभाषण

खेळ सुटल्यावर जिन्यात बोलावं लागतं. 'कळला नाही' असं म्हणू नये. 'त्याला कळवायचंच नाहीये' असं म्हणावं. 'कंटाळा आला' याला 'काळाशी खेळतो'. झोप लागली असेल तर सरळ कबूल करा आणि अब्बास कियारोस्तामींचं नाव घ्या. इराणचा हा थोर दिग्दर्शक स्वतःच म्हणायचा, की ज्यात प्रेक्षकाला डुलकी लागते असे सिनेमे मला आवडतात. कोणी दिग्दर्शकाचा आधीचा सिनेमा पाहिलाय का असं विचारलं, तर 'प्रिंट चांगली नव्हती' हे उत्तर पिढ्यान्‌पिढ्या पुरलेलं आहे.

ही शब्दसंपत्ती एका हंगामापुरती. त्यापुढेही तुम्ही हेच बोलत असाल, तर तुम्ही सिनेमे बघत नाही आहात.

पाठ नववा : ठिकाणं

पुण्यात लॉ कॉलेज रोडवरचं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४चं. ते उभं केलं पी. के. नायर यांनी. फाळक्यांच्या 'कालिया मर्दन'ची रिळं त्यांनी फाळके कुटुंबाकडून मिळवली आणि जुळवली. ती आज बघायला मिळतात याचं कारण, कोणीतरी जुने डबे फेकून देऊ नका म्हणून दारोदार फिरलं. नायरांवरचा शिवेंद्रसिंह डुंगरपूर यांचा 'सेल्युलॉइड मॅन' जरूर पाहा. त्यात कर्नाटकातल्या हेग्गोडू गावचे सुपारीचे शेतकरी आहेत. संग्रहालयातून गावी आलेले जगभरचे अभिजात सिनेमे त्यांनी पाहिले, आणि ते त्याबद्दल शेजारच्या आळीतल्या घटनेसारखं बोलतात. आठव्या पाठातला एकही शब्द न वापरता.

मुंबईत पेडर रोडवर गुलशन महालात सिनेमाचं संग्रहालय आहे. 'मिफ' हा माहितीपटांचा महोत्सव मुंबईत दोन वर्षांतून एकदा भरतो. २००४ साली तिथे भारतीय माहितीपटांना सेन्सॉर प्रमाणपत्राची अट घालण्याचा घाट घातला गेला, तेव्हा माहितीपटकारांनी एकजूट केली आणि प्रभादेवीला 'मिफ'च्या जागेसमोर रस्त्यापलीकडे भूपेश गुप्ता भवनात 'विकल्प' नावाचा स्वतःचा महोत्सव भरवला. आणि ठिकाण म्हणजे थिएटरच असं नाही. आनंद पटवर्धनांनी 'जय भीम कॉम्रेड'वर चौदा वर्षं काम केलं. रमाबाई नगरातल्या १९९७च्या गोळीबारानंतर शाहीर विलास घोगरे यांनी आत्महत्या केली, तिथून ही फिल्म सुरू होते. मल्टिप्लेक्सची वाट न बघता ती चाळींत, वस्त्यांत दाखवली गेली. जमिनीवर बसलेल्या माणसांनी ती तीन तासांच्या घरातली फिल्म पाहिली, आणि तिथे 'लांबी जरा कमी हवी होती' असं म्हणणारा समीक्षक नव्हता.

आणि 'द सिनेमा ट्रॅव्हलर्स'. शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांची २०१६ची फिल्म, कान महोत्सवात गौरवलेली. महाराष्ट्रातल्या जत्रांतून ट्रकवर तंबू घेऊन फिरणाऱ्या टुरिंग टॉकीज, गंजत चाललेले प्रोजेक्टर, आणि आयुष्यभर ते दुरुस्त करणारे प्रकाश. आपल्याच जत्रेतली गोष्ट आहे आणि आपल्यातल्या फार थोड्यांनी पाहिली आहे.

घरचा अभ्यास : आज रात्री 'आबिद' पाहा, यूट्यूबवर सापडतो, पाच मिनिटांचा आहे. आवडला तर उद्या मालेगाव. मग तुमच्या गावात फिल्म सोसायटी असेल तर तिची वर्गणी भरा. नसेल तर चार माणसं, एक पांढरी भिंत आणि उसना प्रोजेक्टर एवढ्यावर ती काढता येते. नवे सभासद मिळत नाहीत ही बहुतेक सोसायट्यांची तक्रार आहे, आणि माहितीपटाच्या खेळाला पुढच्या तीन रांगा रिकाम्याच असतात. तुम्ही या.